बडोद्याच्या दुकानात कसूतीचा कोपरा

बडोद्याला रावपुऱ्यात आमचं दोरे-बटणांचं दुकान आहे. काउंटरच्या डाव्या हाताला, माडीवर जाणाऱ्या जिन्याखाली सहा फूट बाय आठ फुटांचा एक कोपरा आहे. पूर्वी तिथे लेसची रिकामी खोकी, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळ्या आणि मामंजींची सायकल असायची. आता तिथे एक लांब टेबल आहे, सहा स्टुलं आहेत, आणि मंगळवारी व शुक्रवारी दुपारी दोन ते चार तिथे बायका कर्नाटकी कशिदा शिकतात. बेळगावला माहेरी आले की मैत्रिणी हमखास विचारतात, "अगं, गुजरातेत जाऊन कसूती शिकवतेस? कोण येतं शिकायला?" त्यांना दर वेळी निम्मीच हकीकत सांगते. आज पूर्ण सांगते. त्यात माझी फजितीही आहे.

माझे वडील मराठी, आई धारवाडच्या कानडी घरातली. आमच्या घरी वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कानडीत संपायचं. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अजूनही तसंच असेल. आईची आई, म्हणजे आमची अज्जी, मे महिन्यात धारवाडहून यायची ती पिशवीत काळी इरकल आणि दोऱ्याच्या लडी घेऊनच. मराठी शेजारणी त्या कामाला कशिदा म्हणायच्या, अज्जी कसूती म्हणायची. कै म्हणजे हात, हाताने केलेलं सुताचं काम ते कसूती, असं ती सांगायची. कापडावर छाप नाही, पेन्सिलीची रेघ नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, पोपट, सगळं मोजून. "वंद, यरड, मूर, नाक," अशी ती पुटपुटत असायची आणि मध्ये कोणी बोललं की डोळे वटारायची. दोन सुट्ट्या तिच्याजवळ बसून मी शिकले. निदान शिकले असं मला वाटत होतं.

१९९९ साली लग्न होऊन बडोद्याला आले. बडोद्याची मराठी माणसं गायकवाडी काळापासूनची. आमच्या सासरी मराठीच बोलतात, पण त्यात गुजराती अशी मिसळलेली की पहिले सहा महिने मी नुसती माना डोलावत होते. सासूबाई म्हणाल्या, "तुला दोन भाषांची सवय आहे ना, तिसरी काय जड आहे?" ती जड गेली नाही, दुकानातच शिकले. अस्तर, फॉल, हुक, इलास्टिक, बटणं, आणि नवरात्र जवळ आली की चणिया-चोळीला लावायच्या लेसची आणि आभल्यांची नुसती झुंबड. बडोद्याचा गरबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्या एका महिन्यावर आमचं वर्षाचं निम्मं गणित चालायचं.

पण नवरात्र संपली की दुकान ओस. तयार कपड्यांनी शिवण मागे पडलं होतं. भरतकामाच्या दोऱ्याच्या लडी तर वर्षानुवर्षं तशाच पडून राहायच्या, रंग उडायचे. २००९च्या दिवाळीनंतर एक कॉलेजात शिकणारी मुलगी आली. तिने मॅटीचं कापड आणि चार लडी घेतल्या. जाताना काउंटरवरच्या माझ्या रुमालाकडे बघून म्हणाली, "बेन, आवुं शीखवाडशो?" त्या रुमालावर मी रिकाम्या वेळात कसूतीचं वृंदावन काढत होते. असं शिकवाल का, एवढाच तिचा प्रश्न, पण तो डोक्यातून जाईना.

रात्री जेवताना विषय काढला. मामंजी म्हणाले, "दुकान आहे की निशाळ?" गादीवर बसणाऱ्याने माल विकावा, शिकवायला बसला तर गिऱ्हाइकाकडे कोण बघणार, हा त्यांचा मुद्दा. आमचे हे नेहमीप्रमाणे भाजीत मीठ कमी आहे का ते बघत राहिले. बोलल्या त्या सासूबाई. "तुमच्या दुकानात दोरा आहे. पण त्याचं काय करायचं हे माहीत असलेल्या बायका एकेक करून चालल्या. मग दोरा विकणार कोणाला?"

सासूबाई शिवण शिकल्या त्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात. बायकांनी हातातल्या कामावर स्वतःचे चार पैसे मिळवावेत म्हणून महाराणी चिमणाबाईंनी, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या दुसऱ्या पत्नींनी, १९१४ साली ही संस्था काढली. याच चिमणाबाई १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष. महाराजांनी त्याच्याही आधी, १८९० साली, कलाभवन काढलं होतं. रसायनशास्त्रातले जाणकार त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि तिथे रंगकामापासून यंत्रकामापर्यंत हाताने करायच्या गोष्टी शिकवल्या जायच्या. आपले दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. पुढे १९५० साली सुरू झालेल्या विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे थोर चित्रकार तिथल्या जत्रेसाठी स्वतः खेळणी करायचे. सासूबाईंना एवढा इतिहास सांगायची गरज पडली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "या गावात हातकाम शिकवणं कधी कमीपणाचं नव्हतं." मामंजींनी ताटाभोवती पाणी फिरवलं, म्हणजे चर्चा संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल जिन्याखालून बाहेर निघाली होती.

कोपरा मांडताना पहिली चूक केली ती दिव्याची. जिन्याखाली अंधार, म्हणून टेबलाच्या बरोबर मध्यावर मोठा पिवळा दिवा लावला. त्यात निळा आणि काळा दोरा वेगळा कळेना, आणि प्रत्येकीच्या हाताची सावली तिच्याच कापडावर. मग पांढऱ्या ट्यूब लावल्या, दोन, समोरासमोर. टेबलावर पांढरी चादर घालायची हेही तेव्हाच कळलं. मॅटीची भोकं पांढऱ्यावर चटकन दिसतात. स्टुलं सहाच, कारण सातवी बाई बसली की कोणाचं तरी कोपर कोणाच्या तरी सुईला लागतं. कात्र्या दोरीने टेबलाला बांधल्या, कारण न बांधलेली कात्री संध्याकाळी कुठल्या तरी पर्समधून घरी जाते. मुद्दाम नाही, सवयीने. सुई बोथट टोकाची. टोकदार सुई धागा फोडते आणि मोजणी तिथेच बिघडते. सहा पदरी लडीतले दोन पदर वेगळे काढायचे, हातभर लांबीचाच दोरा घ्यायचा. आठ पाठांचे तीनशे रुपये, कापड-दोरा ज्याचा त्याचा, अर्थात आमच्याच दुकानातला.

आणि नमुना म्हणून टेबलामागच्या काचेच्या कपाटात अज्जीने केलेली माझी बाळपणीची कुंची ठेवली. काळ्या खणाची, कडेने पांढरी-लाल कसूती. शेजारी माझा वृंदावनाचा रुमाल.

पहिल्या महिन्यात चार जणी आल्या, तिसऱ्या महिन्यात दुसरी तुकडी करावी लागली. कसूतीचे टाके चार. गवंती, म्हणजे जाताना एक सोडून एक टाका घालायचा आणि परतताना मधल्या जागा भरायच्या. मुर्गी त्याच पद्धतीची, पण पायऱ्या-पायऱ्यांची. नेगी म्हणजे विणल्यासारखे लहान-मोठे धावते टाके. आणि मेंथी, मेथीच्या दाण्यासारखी उलटसुलट फुली. मी चारही शिकवत होते. बायका पर्सवर, उशीच्या अभ्र्यावर, पंजाबी ड्रेसच्या गळ्यावर काढत होत्या. लडी खपू लागल्या. मामंजी गादीवरून काही बोलत नसत, पण गिऱ्हाइकाला "त्यां कोपऱ्यामां जुओ" असं अभिमानाने सांगताना मी त्यांना दोनदा पकडलं.

दुसऱ्या तुकडीत एक कच्छी बाई आल्या. वयाने साठीच्या, अंगाने काटक, नातीला सोबत म्हणून आलेल्या. त्यांचं घराणं थरपारकरचं, १९७१च्या युद्धानंतर कच्छमध्ये आलेलं. नात शिकत होती, या नुसत्या बघत बसायच्या. तिसऱ्या दिवशी मी माझा रुमाल सगळ्यांना दाखवत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "बेन, पाछळथी बतावो ने."

मागून दाखवा. मी हसून टाळलं. मागे काय बघायचं? त्यांनी हात पुढे केलाच. रुमाल उलटा केला आणि मांडीवर पसरला. मागच्या बाजूला तिरके उडवलेले दोरे होते, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर मारलेल्या उड्या, आणि गाठी. मी मोजल्या नाहीत, पण दहा-बारा नक्की असतील. त्या काही बोलल्या नाहीत. कपाटाकडे बोट करून त्यांनी कुंची मागितली. तीही उलटी केली, अस्तराचा उसवलेला कोपरा वर उचलून आत बघितलं, आणि मग कुंची नि रुमाल शेजारी शेजारी ठेवले. कुंचीच्या मागे गोपुर होतं. जसंच्या तसं, पुढच्यासारखंच. गाठ एकही नाही.

त्या सूफ भरतकाम करणाऱ्या घरातल्या, हे मला नंतर कळलं. सूफसुद्धा कापडाचे धागे मोजूनच भरतात, छाप काढत नाहीत, आणि ते भरतात कापडाच्या उलट्या बाजूने. ज्या बाईने आयुष्यभर मागूनच काम केलं तिने दुसऱ्याचं काम आधी मागून बघावं यात काय नवल? "तमारी दादी जाणती हती," एवढंच त्या म्हणाल्या. तुमच्या आजीला येत होतं. मला येत नव्हतं, हे त्यांनी म्हटलं नाही. टेबलाभोवतीच्या पाच जणींनी आपापला कपडा हळूच उलटा करून बघितला, आणि मला कुठे बघावं कळेना.

त्या रात्री कुंची हातात घेऊन बसले होते. अज्जी माझं काम दर संध्याकाळी उसवायची ते आठवलं. मला वाटायचं तिला माझं काम आवडत नाही. दुसऱ्या सुट्टीत मी रडून गोंधळ घातला, तेव्हापासून तिने उसवणं सोडलं, आणि मला वाटलं, आता आपल्याला आलं. ती थकली होती, किंवा नातीला रडवायला नको म्हणून गप्प बसली, कोण जाणे. कुंचीच्या आत गाठ राहिली तर ती बाळाच्या टाळूला टोचेल, एवढी साधी गोष्ट मला दोन मुलं झाल्यावरही सुचली नव्हती.

प्रश्न पुढे होता. नऊ जणींकडून पैसे घेऊन मी त्यांना अर्धवट विद्या दिली होती. त्यातल्या एकीने उशीचे अभ्रे भरून मुलीच्या सासरी पाठवलेसुद्धा. मी यांना म्हटलं, "कोणाला कळणार आहे? समोरून सुंदर दिसतं. पुढच्या तुकडीपासून नीट शिकवीन." हे "हो" म्हणाले. मामंजी पलीकडे वही लिहीत होते. त्यांनी चष्मा काढला.

"मीटर लेस दिली आणि मागाहून कळलं की नव्वदच सेंटीमीटर गेली, तर आपण काय करतो?"

काय करतो ते मला माहीत होतं. एकदा अशी लेस घेऊन त्यांनी मला स्वतः वाडीपर्यंत पाठवलं होतं, भर उन्हात, दहा सेंटीमीटरसाठी.

"मग?" एवढंच म्हणून ते पुन्हा वही लिहू लागले. ज्या माणसाला निशाळ नको होती त्याने मला असं निशाळेच्या बाकावर उभं केलं.

मैसूरकडे जाणाऱ्या गाडीने धारवाड गाठलं. अज्जी २००३ मध्येच गेली होती, आई डोळ्यांनी अधू. राहिली होती ती धारवाडची मावशी. तिला सगळं सांगितलं तर ती इतकी हसली की तिचा चहा सांडला. मग म्हणाली, "तुला अज्जीने जायचं शिकवलं गं, यायचं शिकायच्या आधीच तू उठून गेलीस."

आठ दिवस मी तिच्यासमोर बसले. वाचणाऱ्या बहिणींनो, ज्यांना येतं त्यांना हे वाचून हसू येईल, पण ज्या माझ्यासारख्या अर्धवट आहेत त्यांच्यासाठी सांगते. गवंतीत सरळ रेघ सोपी. जाताना एक सोडून एक, येताना उरलेले. अडचण येते फांदीला. मुख्य रेघेवर चालताना बाजूला फांदी फुटली की मी ती सोडून पुढे जायची, आणि मग शेवटी तिथवर पोचायला मागून उडी. मावशीने शिकवलं की फांदी दिसली की त्याच क्षणी तिच्यात शिरायचं, टोकापर्यंत जायचं, तिथून भरत भरत माघारी यायचं, आणि जिथून वळलो त्याच भोकातून पुन्हा मुख्य रेघेला लागायचं. फांदीला उपफांदी असेल तर तिथेही तसंच. बडोद्याला मांडवीच्या बाजूला पोळी आहेत, घडियाळी पोळीसारख्या. खूपशा पोळींना तोंड एकच. आत शिरलात की त्याच वाटेने बाहेर. मावशीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुमच्या गावातल्या बायकांना मुद्दाम काय शिकवायचं?" सुरुवातीला गाठ मारायची नाही, बोटभर दोरा सोडायचा आणि शेवटी तो टाक्यांखालीच मुरवायचा. नेगी आणि मेंथीची मागची बाजू पुढच्यासारखी होत नाही, तिथे कोणी तशी अपेक्षाही करत नाही. गवंती आणि मुर्गीला मात्र सुटका नाही.

मावशी रोज संध्याकाळी उसवायची. मी रडले नाही, पण सहाव्या दिवशी जवळजवळ.

परत आल्यावर नऊ जणींना निरोप धाडले. टेबलावर कुंची आणि माझा जुना रुमाल, दोन्ही उलटे मांडून ठेवले आणि जे झालं ते सांगितलं. पैसे परत हवेत तर घ्या, नाहीतर आठ पाठ पुन्हा, फुकट. दोघींनी पैसे घेतले, त्यात अभ्रेवाली एक. तिचा राग मला पटला. तिच्या मुलीच्या सासरी कोणी अभ्रा उलटून बघितला का ते मी आजवर विचारलेलं नाही. एक आलीच नाही. सहा जणी राहिल्या, म्हणजे स्टुलांइतक्याच. कच्छी बाईंना मी टेबलाच्या टोकाला खुर्ची दिली, पाठ असणारी. तेव्हापासून माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकीचं काम आधी त्यांच्याकडे उलटं जायचं. शिवाय वर्षातून एक महिना त्या सूफ शिकवायच्या आणि त्या महिन्यात सातव्या स्टुलावर मी.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. २००६ साली कसूतीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण सुरतेच्या यंत्रांवर भरलेल्या कसूतीसारख्या साड्या बाजारात ढिगाने येतात. गिऱ्हाईक विचारतं, "यात आणि तुमच्यात फरक काय?" मी भाषण देत नाही, साडी उलटी करून दाखवते. काही जणी तरीही यंत्राचीच घेतात, आणि किमतीकडे बघितलं तर त्यांचंही चूक नाही. हाताने भरलेला एक पदर महिने खातो. साडीवर मॅटीसारखी भोकं दिसत नाहीत, बारीक पोताचे धागे मोजताना डोळे जातात. म्हणून काही जणी साडीवर विरळ विणीचं कापड टाचून त्यावर मोजतात आणि काम झालं की त्याचे धागे ओढून काढतात. अज्जीला ही पळवाट आवडली नसती. मी शिकवते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना काही सूट हवी.

दुकान कशिद्यावर चालतं असं मात्र कोणी समजू नये. चालतं ते अजूनही फॉल-अस्तरावर आणि नवरात्रीवर. कोपऱ्यामुळे लडींचे रंग उडायच्या आत त्या विकल्या जातात, आणि दुपारी शटर अर्धं ओढावं लागत नाही, इतकंच. मामंजी २०१६ मध्ये गेले. त्यांची सायकल परत जिन्याखाली आली आहे, भिंतीला टेकवलेली. तिच्या हँडलला आम्ही भरतकामाच्या रिंगा अडकवतो.

शिकवताना मोजणी मी कानडीतच करते. मराठीत करून पाहिली, गुजरातीत करून पाहिली. बोट अडखळतं. त्यामुळे बडोद्याच्या बायका "वंद, यरड, मूर, नाक" म्हणत टाके घालतात. चौथ्याला "नाक" आलं की नवी तुकडी हमखास खिदळते, कारण नाक गुजरातीतही नाकच. परवा कच्छी बाईंची पणती आली होती, पाच वर्षांची. स्टुलावर उभी राहून टेबलावरचं मॅटी मोजत होती. वंद, यरड, मूर, आणि चौथ्याला भोकावरचं बोट उचलून तिने ते स्वतःच्या नाकाला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.